मिनी गोल्फ पहिल्यांदाच खेळताय? मराठवाड्यातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

सुट्टीत पुण्या-मुंबईला नाहीतर हैदराबादला नातेवाइकांकडे गेलं की लेकरं एखाद्या मॉलमध्ये किंवा रिसॉर्टवर मिनी गोल्फ बघतात आणि आत जायचा हट्ट धरतात. मोठी माणसं दारातच थबकतात. कपडे चालतील का, नियम काय असतात, चारचौघांत हसं होईल का, असं सगळं मनात येतं. परभणी, जालना, लातूरकडच्या ओळखीच्या घरांतून मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. हा खेळ आपल्या गावांमध्ये यावा असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून घरच्या घरी लेन कशी करायची, या प्रश्नावर मी जास्त वेळ थांबलो आहे.

मिनी गोल्फ म्हणजे गोल्फच का?

गोल्फचा शेवटचा टप्पा तेवढा. मोठ्या गोल्फमध्ये चेंडू लांबवर उडवत हिरवळीपर्यंत न्यायचा असतो आणि तिथं पोहोचल्यावर हलक्या हातानं घरंगळवत खड्ड्यात घालायचा असतो. मिनी गोल्फमध्ये फक्त हे घरंगळवणं. चेंडू हवेत उडवायचा नाही. काठी एकच, तिला पटर म्हणतात. बुटक्या कडांच्या अरुंद पट्ट्या म्हणजे लेन. लेनच्या टोकाला होल आणि वाटेत काहीतरी अडथळा: चढ, वळण, बोगदा, फिरतं पातं. पूर्ण मैदानात असे १८ होल असतात, जागा कमी असेल तर ९. सगळे होल मिळून ज्याचे फटके सगळ्यांत कमी, तो जिंकला.

हा श्रीमंतांचा खेळ आहे. आपण कशाला त्यात पडायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे.

१८६७ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावात बायकांनी आपला एक पटिंग क्लब काढला. बाईनं काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं तेव्हा अशोभनीय मानलं जाई. मग त्यांनी उंचसखल हिरवळीवर नुसता घरंगळवण्याचा खेळ सुरू केला. त्या हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात आणि ती आजही आहे. म्हणजे ज्यांना मोठ्या मैदानापासून लांब ठेवलं, त्यांनी हा खेळ धरून ठेवला.

पुढची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची आहे. गवताची हिरवळ राखायला पाणी आणि मजूर फार लागत. १९२२ च्या सुमारास थॉमस फेअरबर्न या गृहस्थानं यावर उपाय शोधला. त्याची मेक्सिकोत कापसाची शेती होती आणि तिथं गवत काही नीट धरेना. त्यानं सरकीची टरफलं दळून घेतली, त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग मिसळला आणि तो थर जमिनीवर दाबून बसवला. चेंडू त्यावर छान पळू लागला. सरकीची पेंड आपण पिढ्यान् पिढ्या म्हशीला घालतो, कापसाच्या जिनिंगा आपल्या तालुक्याच्या गावांत आहेत. त्याच सरकीच्या टरफलांवर मिनी गोल्फ वाढला. १९२७ मध्ये गार्नेट कार्टरनं अमेरिकेत लुकआउट माउंटनवर ‘टॉम थंब गोल्फ’ सुरू केलं. पृष्ठभागासाठी हीच युक्ती वापरून त्यानं हा प्रकार देशभर नेला. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवर मैदानं झाली. मग मंदी आली, लोकांच्या हातात पैसा उरला नाही, तेव्हा माणसांनी जुने टायर, पाइप, पिंपं जमवून मोकळ्या जागांत स्वतःची मैदानं मांडली.

बायका, कापसाचा शेतकरी आणि मंदीत हात रिकामे झालेली माणसं यांनी हा खेळ घडवला. तुम्ही बिनधास्त आत जा.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं असतं?

तिकीट माणशी असतं आणि साधारणपणे एका फेरीचं असतं. काउंटरवर पटर, चेंडू, स्कोअरकार्ड आणि पेन्सिल मिळते. प्रत्येकानं वेगळ्या रंगाचा चेंडू घ्यावा, नाहीतर तिसऱ्या होलपर्यंत कुणाचा कुठला यावरून भांडण लागतं. पटर घेताना घाई करू नका. सरळ उभं राहून काठी जमिनीला टेकवा, मूठ साधारण कमरेपाशी यायला हवी. लेकरांना मोठ्यांचा पटर दिला तर ती काठी मधोमध धरतात, वरचं टोक पोटाला लागतं आणि खेळाचा सगळा आनंद जातो. लहान मापाचे पटर असतातच, मागून घ्या.

चार माणसांना १८ होलला पाऊण ते एक तास लागतो. मागं गर्दी असेल तर थोडं आवरतं घ्यावं किंवा मागच्यांना पुढं जाऊ द्यावं.

सासूबाई नऊवारी नेसतात. त्यांना खेळता येईल का?

हो. पळायचं नाही, वाकायचं थोडंसंच, काठी गुडघ्याच्या वर न्यायची नाही. नऊवारीत तर पाय मोकळे राहतात. पाचवारी असेल तर निऱ्या चेंडूसमोर येणार नाहीत एवढं बघा आणि पदर खोचून घ्या. पायात सपाट तळव्याची चप्पल किंवा बूट हवेत. टाचेच्या चपलांनी पृष्ठभाग खराब होतो आणि पाय मुरगळतो. गुडघे दुखत असतील तर होलमधून चेंडू काढायचं काम नातवंडांकडे द्या.

मी शाळेत कधी क्रिकेटसुद्धा खेळलो नाही. जमेल का मला?

क्रिकेट न खेळलेल्या माणसाला हा खेळ उलट लवकर जमतो. क्रिकेटवाले मनगट फिरवतात आणि चेंडू शेजारच्या लेनमध्ये जातो. इथं मनगट शांत ठेवायचं असतं.

पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. गुडघे उलीसे सैल. चेंडू दोन्ही पावलांच्या मध्ये, डाव्या पायाकडं थोडा झुकता. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डावा हात वर आणि उजवा खाली धरावा, दोन्ही अंगठे काठीवर सरळ खाली. पकड हलकी ठेवा. डोळे चेंडूच्या बरोबर वर आले पाहिजेत, म्हणजे होलकडची रेघ खरी दिसते. आता खांद्यापासून दोन्ही हात एकत्र मागं न्या आणि तेवढेच पुढं. चेंडूला लागल्यावर पटर थांबवू नका, होलच्या दिशेनं थोडा जाऊ द्या.

आणि मान वर करू नका. फटका मारता मारता चेंडू कुठं गेला हे बघायचा मोह सगळ्यांना होतो, त्यानं खांदा उघडतो आणि चेंडू तिरका जातो. चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्या जागेकडंच बघत राहा. एवढी एक गोष्ट पाळली तरी पहिल्या फेरीत खूप फरक पडतो.

डावखुऱ्यांचं काय?

मिनी गोल्फचे बरेच पटर दोन्ही बाजूंनी सपाट असतात, तेच चालतात. हात उलटे धरा.

ताकद किती लावायची? माझा चेंडू एकतर मध्येच थांबतो, नाहीतर उडून बाहेर जातो.

ताकद लावायचीच नाही, झोक्याची लांबी बदलायची. जवळच्या होलला पटर वीतभर मागं न्यायचा, लांबच्याला हातभर. वेग आपोआप येतो. हात झटकून वेग आणायला गेलं की दिशा हातातून सुटते.

होल चुकला तर चेंडू पुढं फूटभर जाऊन थांबेल, इतका वेग चांगला. त्याहून कमी असला तर चेंडू होलपर्यंत पोहोचतच नाही आणि न पोहोचलेला चेंडू कधीच आत पडत नाही. त्याहून जास्त असला तर होलच्या कडेला लागून उडी मारून पुढं जातो. पहिल्या दोन-तीन होलांवर आकड्यांचा विचार सोडा आणि त्या मैदानाचा पृष्ठभाग किती पळतो एवढंच बघा. ओलसर चटईवर चेंडू जड जातो, गुळगुळीत कोब्यावर सुसाट जातो.

वळणाच्या लेनवर होल दिसतच नाही. तिथं कसं मारायचं?

कडेवर मारून. कॅरम खेळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही: सोंगटी पट्टीला ज्या कोनात लागते, साधारण त्याच कोनात परत येते, आणि चेंडूचंही तसंच. होलकडं बघण्याऐवजी कडेवरचा एक ठिपका ठरवा आणि तोच आपला होल आहे असं समजून मारा. चेंडू फार जोरात गेला तर कोन थोडा बिघडतो, म्हणून मधला वेग ठेवा. आणि लगेच आत जाईल ही अपेक्षाही ठेवू नका. पहिल्या फटक्यात वळण पार करून होलसमोर सरळ जागा मिळवली की दुसरा फटका सोपा होतो.

उतार कळतच नाही, तो ओळखायचा कसा?

लेनच्या मागं बसून बघा, उभ्यानं दिसत नाही ते बसल्यावर दिसतं. पाऊस पडून गेला असेल तर पाणी कुठं साचलंय बघा, खालची बाजू तीच. आपल्या आधी खेळणाऱ्याचा चेंडू शेवटी कुठं वळतो हे बघणं तर सगळ्यांत उत्तम. आणि लक्षात ठेवा, चेंडू हळू झाला की उतार त्याला जास्त ओढतो. म्हणून वळण मुख्यतः होलजवळ येतं. नेम होलच्या वरच्या अंगाला धरायचा आणि उताराला आपलं काम करू द्यायचं.

फिरत्या पात्याच्या पवनचक्कीसमोर मात्र उतारापेक्षा ताल महत्त्वाचा. दोन-तीन फेरे नुसते बघा. पातं वाट मोकळी करेपर्यंत किती वेळ जातो आणि चेंडूला तिथवर पोहोचायला किती लागतो, हे मनात जुळलं की मारा.

नियम कोणते?

पाटीवर लिहिलेले असतात. तरी सगळीकडं साधारण सारखेच असतात. ठरलेल्या खुणेवरून सुरुवात, चेंडू थांबल्याशिवाय पुढचा फटका नाही, तो ढकलत न्यायचा नाही, एकदाच टोला द्यायचा. चेंडू लेनबाहेर गेला तर जिथून गेला तिथं ठेवून खेळायचा आणि बहुतेक ठिकाणी एक फटका दंड. अगदी कडेला चिकटला तर पटरच्या डोक्याएवढा आत घेता येतो, त्याला दंड नाही. एका होलला जास्तीत जास्त सहा फटके, तरी गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढं व्हायचं. हा शेवटचा नियम लेकरांसोबत जरूर पाळा. एकाच होलवर दहा-बारा फटके झाले की लेकरू रडकुंडीला येतं.

पार म्हणजे काय, आणि किती फटके झाले तर ठीक?

पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके, बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. पहिल्या फेरीत होलमागं सरासरी तीन-साडेतीन लागले तर माझ्या मते उत्तम खेळलात. एकाच फटक्यात गेला तर होल-इन-वन. मिनी गोल्फमध्ये तो नवख्यालाही मिळू शकतो, आणि नवखी माणसं या खेळावर जीव लावतात ती त्यासाठीच.

लेकरांना नेताना काय जपायचं?

काठी गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. फटका मारणाऱ्याच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. पटर लोखंडी असतो आणि काठी वर गेली की लेकराचं तोंड नेमकं त्याच उंचीवर येतं. चार वर्षांच्या आतल्या लेकराला नियम लावू नका, त्याला हातानं चेंडू होलमध्ये टाकू द्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावर खेळता येतं का?

दुपारी अजिबात नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो आणि कृत्रिम गवत हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतं. सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवस कलल्यावर. संध्याकाळी दिवे असतात का हे फोन करून विचारून घ्या. टोपी, उपरणं, पाण्याची बाटली सोबत हवीच.

मैदानाला पाणी किती लागतं? आपल्याकडं प्यायला पुरत नाही, खेळाला कुठून आणायचं?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. मोठ्या गोल्फचं मैदान एकरच्या एकर हिरवळीचं असतं आणि ती रोज पाणी पिते. मिनी गोल्फची लेन कोब्याची, फरशीची किंवा कृत्रिम गवताची. तिला झाडलं की झालं. शोभेचं कारंजं आणि तळं ठेवलं तर पाणी लागेल, पण ते ठेवलंच पाहिजे असा नियम नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात कुणी मैदान करणार असेल तर तळ्याचा अडथळा ठेवूच नये. कोरडा खंदक तितकाच अवघड होतो.

आमच्या गावाकडं असलं काही नाही. घरीच करता येईल का?

येईल, आणि करावंच. जगभरच्या स्पर्धांत वापरली जाणारी लहान लेन ६.२५ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे साधारण साडेवीस फूट बाय तीन फूट. एवढी जागा वाड्यात, शाळेच्या व्हरांड्यात, गच्चीवर निघते.

सुरुवात गच्चीवरून करा. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेलाच असतो, तो फुकटात मिळालेला अडथळा. गच्ची खोदायची नसते, म्हणून होलसाठी प्लायवूडचा जाड तुकडा घ्या, त्यात १०८ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वाचार इंचाचं भोक पाडून घ्या आणि खाली पट्ट्या ठोकून तो दोन इंच उचला. समोरून दुसऱ्या फळीचा हलका चढ द्या. भोकाचं हे माप मोठ्या गोल्फच्या होलएवढंच आहे. एवढीही खटपट नको असेल तर स्टीलचा पेला आडवा ठेवा.

कडांना विटा लावतात, पण विटेचं अंग खडबडीत असतं आणि चेंडू भलत्याच दिशेला उसळतो. विटांच्या आतून रंधा मारलेली लाकडी पट्टी उभी करा, म्हणजे कोन खरा येतो.

जमिनीवर कायमची लेन करायची असेल तर आधी माती बघा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन पावसाळ्यांत तडकतो. फूट-दीड फूट काळी माती काढून टाका, मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून धुमसानं ठोका आणि मग वर कोबा किंवा शहाबादी फरशी घ्या. फरशीचे सांधे सिमेंटनं पूर्ण भरून घासून घ्या, नाहीतर चेंडू प्रत्येक सांध्यावर उडी मारतो. कृत्रिम गवताची चटई टाकणार असाल तर ती ताणून चिकटवा. जुनी सतरंजी घेऊ नका, तिच्या सुरकुत्या चेंडू अडवतात.

पटर गावातला सुतार करून देईल: सरळ काठी, खाली चार-पाच इंचांचा कडक लाकडाचा ठोकळा, पुढची बाजू रंधा मारून अगदी सपाट. चेंडू गोल्फचा घ्या किंवा तेवढ्याच आकाराचा कडक रबरी. टेनिसचा चेंडू मोठा आणि हलका, त्यावर काही शिकता येत नाही.

अडथळे आपल्याकडचे कोणते करावेत?

इथं मला सगळ्यांत जास्त उत्साह आहे. परदेशातल्या मैदानांवर पवनचक्की हमखास असते. बीड आणि धाराशिवच्या डोंगरांवर उंच पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यामुळं ती लेकरांना लगेच ओळखू येते. पण संभाजीनगरची पाणचक्की त्याहून सरस. डोंगरातलं पाणी खापरी नळांनी आणून दळण दळणारं चाक आपल्याकडं चाललं, तर आपल्या लेनवर ते चाक का नसावं? सायकलच्या रिमला पत्र्याची पाती लावून हातानं फिरवलं तरी काम होतं. देवगिरीच्या किल्ल्यात तर तीन होलांचा आराखडा तयार आहे: खंदक, वळणावळणाचे दरवाजे आणि अंधारी. अंधारीसाठी चार इंची पीव्हीसी पाइप वाकवून घ्या. चेंडू कुठल्या तोंडातून बाहेर येणार हे खेळणाऱ्याला दिसू देऊ नका. बीबी का मकबऱ्याच्या बागेतली सरळ, दोन्ही बाजू सारख्या असलेली वाट ही नवख्यांसाठी पहिली लेन म्हणून छान बसते. देवळाची किंवा दर्ग्याची प्रतिकृती करून तिच्यातून चेंडू नेऊ नये, एवढं मात्र पाळावं.

याच्या खऱ्या स्पर्धा असतात का?

असतात. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडच्या अस्कोना गावी पाउल बोंगनी यांनी ठरावीक मापांच्या लेनचं मैदान उभारलं आणि त्यामुळं एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या खेळाडूशी बरोबरीनं तोलता येऊ लागला. आज जागतिक मिनीगोल्फ स्पोर्ट फेडरेशनच्या नियमांनी स्पर्धा होतात. तिथं चेंडू ३७ ते ४३ मिलिमीटरचा चालतो, आणि खेळाडू लेन बघून चेंडू बदलतात: काही खूप उसळणारे, काही जवळजवळ न उसळणारे, काही जड. १८ होल १८ फटक्यांत पूर्ण करणारेही खेळाडू आहेत.

अठराव्या होलमध्ये चेंडू गेला की तो परत का येत नाही?

बऱ्याच मैदानांवर शेवटच्या होलखाली पाइप असतो आणि चेंडू त्यातून थेट काउंटरकडं जातो. फेरी तिथं संपते. लहान लेकरांना हे सतराव्या होललाच सांगून ठेवा, नाहीतर आपला लाल चेंडू जमिनीनं गिळला म्हणून ती रडत बसतात. पटर परत करण्याआधी कार्डावरची बेरीज करून घ्या आणि कार्ड घरी न्या. पुढच्या वेळी कुठला होल सुधारायचा ते त्यावरच दिसतं.